रात्र झाली तर?



बाई गाडीवर एकटी लांब निघाली, की घरातून, शेजारून आणि पारावरून एकच प्रश्न येतो. रात्र झाली तर? प्रश्न काळजीचा आहे, यात शंका नाही. पण पुष्कळ घरांत तो उत्तर मिळावं म्हणून विचारत नाहीत, बाईचा पाय थांबावा म्हणून विचारतात. आमच्या गटाने ठरवलं, की एकदा या प्रश्नाचं उत्तर शोधूनच बघू.

त्याला कारण घडलं. आमच्या गटातली एक ताई पशुसखी आहे. शेळ्या-कोंबड्यांच्या कामासाठी ती मोटारसायकलवर गावोगाव फिरते. गाडी गटाच्या कर्जातून घेतलेली. शेवटचा हप्ता फिटला त्या बैठकीत ती म्हणाली, "आता या गाडीवर एकटीनं कोकणात जाऊन समुद्र बघणार." आम्ही माणदेशातल्या बायका. टँकरचं पाणी बघितलेलं, समुद्र टीव्हीत. ती पुढं म्हणाली, "लॉज परवडत नाही, आणि एकट्या बाईला खोली देताना दहा प्रश्न विचारतात. तंबू नेते, उघड्यावर राहते."

आधी सगळ्या गप्प. मग हशा. मग तोच प्रश्न. तिच्या सासूबाई गटातच आहेत. त्या म्हणाल्या, "जायला माझी ना नाही. पण कुठं झोपणार ते सांगून जा."

हे वाक्य आम्ही धरून ठेवलं. पुढच्या तीन बैठकांत बचतीचा हिशेब झाला, की तासभर याच विषयावर बसायचो.

तंबू घेऊन रानात राहणं ही शहरातली टूम आहे, असं आम्हाला वाटत होतं. पण आपल्याच भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या मुक्कामाला जातात, चूल मांडतात, लेकरं झोपवतात. महिनोन् महिने उघड्यावर. आम्ही गावातल्या एका धनगर आजींना बैठकीला बोलावलं. त्यांना विचारलं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "मालकाला इचारल्याबिगर रानात वाडा बसत न्हाई. मालकाला खत पायजे असतं, आमाला जागा. त्यानं हो म्हटलं, की त्या रातीला आमी त्याचं पावणं."

आमच्या चर्चेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच ठरली. परदेशात एकट्या फिरणाऱ्या बायका सांगतात, की तंबू कुणाला दिसणार नाही अशा जागी टाका. मोकळ्या मुलखात ते चालत असेल. आपल्याकडं तसं रान कुठंय? जळणाला आलेली बाई बघते, गुराखी बघतो, रात्री पाण्याची पाळी असलेला शेतकरी बॅटरी घेऊन येतो. आपल्याला कुणीतरी बघणारच. तेव्हा कुणी बघावं, ते आपण ठरवायचं. लपून राहण्यापेक्षा विचारून राहायचं. आणि विचारायचं ते घरात बायामाणसं दिसतील तिथं.

मग आम्ही नियम लिहून काढले. तुम्हीही लिहून घ्या.

पहिला वेळेचा. थंडीत सहाला अंधारतं, म्हणून पाचच्या आत जागा पक्की. पेट्रोलची टाकी दिवस मावळायच्या आत निम्म्याच्या वर. टायरची हवा आणि पंक्चरचं सामान सकाळीच बघायचं. लायसन, विमा, पीयूसी जवळ असलंच पाहिजे.

दुसरा जागेचा. धरणाखालच्या नदीपात्रात मुक्काम नाही, पात्र कितीही कोरडं दिसो. पाणी सोडलं, की पळायला वेळ मिळत नाही. वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली नाही. उसाच्या कडेला नाही, तिथं बिबट्या असू शकतो. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. राखीव जंगलातही वनखात्याला विचारल्याशिवाय राहायचं नाही आणि जाळ करायचा नाही. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

तिसरा झोपण्याचा. तंबूची चेन पूर्ण लावायची, आत शिरताना अंथरूण झटकायचं, बूट आत घ्यायचे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा चावा कधी कधी कळतही नाही. साप चावला, तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. थंडी कितीही वाजू दे, तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवायचे नाहीत. त्याचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

चौथा गाडीचा. गाडी तंबूला लागून, तोंड रस्त्याकडं. किल्ली रोज एकाच खिशात, म्हणजे अंधारात हात आपोआप तिथंच जातो. बॅटरी आणि शिट्टी उशाशी. मिरचीपूड न्यायची का, यावर आमच्यात बराच वाद झाला. वाऱ्याने ती आपल्याच डोळ्यात जाते, म्हणून शिट्टीला जास्त मतं पडली.

पाचवा आपल्या शरीराचा. अंधार पडायच्या आत बाहेर जाऊन यायचं. जावं लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, तसं करायचं नाही. पाळीचे कपडे-पॅड रानात टाकायचे नाहीत, त्यांची वेगळी पिशवी ठेवायची.

सहावा कळवण्याचा. रोज दोन ठरलेले फोन, संध्याकाळी पोचल्यावर आणि सकाळी निघताना. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, आणि रेंज गेली की तेही थांबतं. म्हणून मुक्कामाच्या गावांची नावं कागदावर लिहून घरी ठेवायची. मोबाइलवर फोटो टाकायचे ते गाव सोडल्यावर. संकटात ११२. तक्रार द्यायची वेळ आली, तर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही, असं म्हणून परत पाठवता येत नाही.

आणि सातवा नियम सासूबाईंनी घातला. मन खायला लागलं, की उठायचं. कारण शोधत बसायचं नाही. कुणाला वाईट वाटेल, असा विचार करायचा नाही.

ताई डिसेंबरात गेली. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर. पहिली रात्र घाटाखालच्या एका गावात, तिथल्या बचत गटाच्या अध्यक्षांच्या अंगणात. ही ओळख आम्ही फोनाफोनी करून काढली होती. दुसरी रात्र समुद्राजवळ एका घराच्या वाडीत. किनाऱ्यावरच तंबू टाकायचं तिच्या मनात होतं. घरातल्या काकींनी तिला वाळूवर वाळलेल्या शेवाळाची रेघ दाखवली आणि भरती कुठवर येते ते सांगितलं. शिवाय थंडीत तिथं कासवं अंडी घालायला येतात, त्यांना उजेडाचा त्रास होतो.

तिसरी रात्र परतीच्या वाटेवरची. मालकाला विचारून एका बागेत तिने तंबू टाकला. पण त्याचं घर लांब होतं. दोन पोरं गाडीवर आली, गेली, पुन्हा आली. "एकट्याच का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही, मागून आमच्या दोन गाड्या येताहेत." पोरं वळल्याबरोबर तिने तंबू गुंडाळला. दहा मिनिटांत रस्त्यावर. मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर थांबली. तिथं उजेड, कॅमेरा, माणसं. पंपावरच्यांना सांगून, घरी फोन करून, ऑफिसच्या भिंतीला टेकून तिने रात्र काढली.

अमेरिकेत १९३० च्या दशकात बेसी स्ट्रिंगफील्ड नावाच्या काळ्या बाई मोटारसायकलवर एकट्या देशभर फिरल्या. रंगामुळं लॉजवाले खोली देत नसत, तेव्हा त्या पेट्रोल पंपावर गाडीवरच झोपायच्या, जाकिटाची उशी करून. आपल्या ताईला हे नाव ठाऊक नव्हतं. अडचण आली, तेव्हा तिलाही पंपाचाच उजेड जवळचा वाटला.

ती परत आल्यावर बैठकीत एक-दोघी म्हणाल्या, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणत होता? ठरलं होतं तसं ती उठली आणि आली."

मैत्रिणींनो, आपल्यातल्या सगळ्याच काही समुद्र बघायला गाडी काढणार नाहीत. पण वर्धिनी म्हणून परजिल्ह्यात फेरीला जाणाऱ्या ताया आहेत, प्रदर्शनाला माल घेऊन जाणाऱ्या आहेत, परीक्षेला जाणाऱ्या लेकी आहेत. त्यांच्याही वाटेत रात्र येतेच. गावोगाव आपले गट आहेत, ग्रामसंघ आहेत. प्रत्येक गटात एक तरी अंगण असं निघेल, जिथं एकटी बाई निर्धास्त झोपू शकेल.

म्हणून एक काम सांगतो. येत्या बैठकीत रजिस्टरचं एक पान यासाठी ठेवा. कुणाच्या अंगणात जागा आहे, संडास-मोरी आहे का, फोन कुणी उचलेल, एवढंच लिहा. ज्या ताईचं अंगण, तिची आणि तिच्या घराची संमती आधी घ्या. हे पान भिंतीवर लावायचं नाही, ग्रुपवर फिरवायचं नाही. गटाच्या सचिवांकडं ठेवायचं. दुसऱ्या गटाच्या सचिवांनी फोन करून विचारलं, तरच सांगायचं. आमच्या गटाच्या पानावर आज चार अंगणं आहेत. पहिलं सासूबाईंचं आहे.