स्वयंचलित गाडीचा गिअर हाती केव्हा घ्यावा?



क्लच नसलेल्या मोटारगाड्या आता तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत. डाव्या पायाला काम नाही, गिअर बदलण्याची खटपट नाही. दांडी 'डी' या अक्षरावर सारली की पुढचं गाडी आपलं आपण पाहून घेते. तशी ही सोय नवी नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सने पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवून विकायला आणला होता. आपल्याकडे मात्र बेताच्या किमतीच्या गाडीत अशी सोय मिळू लागली ती 2014 साली, मारुतीच्या सेलेरिओपासून.

या गाड्यांतल्या पुष्कळशा गाड्यांत 'डी'च्या शेजारी आणखी एक खाच असते. तिथे 'एम' लिहिलेलं असतं आणि अधिक-उणे अशी दोन चिन्हं असतात. महागड्या स्पोर्ट्स गाडीत हेच काम करणाऱ्या दोन पट्ट्या स्टिअरिंगच्या मागे बसवलेल्या असतात, बोटाने ओढायच्या. क्लच नाहीच, पण कोणता गिअर हवा हे तुम्ही सांगायचं आणि बदलायचं काम यंत्राने करायचं, अशी ही वाटणी आहे. काही मालक वर्षानुवर्षं त्या खाचेला हात लावीत नाहीत. काही तरुण मंडळी उलट सरळ रस्त्यावरही सारखी अधिक-उणे खेळत बसतात. दोघांनाही ती खाच कशासाठी आहे ते कुणी सांगितलेलं नसतं.

ही युक्ती नावारूपाला आली ती शर्यतीच्या मैदानात. 1989 साली ब्राझीलमधल्या शर्यतीत फेरारीची स्टिअरिंगमागे पट्ट्या असलेली गाडी नायजेल मॅन्सेलने पहिल्या नंबराने आणली. पुढच्याच वर्षाच्या पोर्श 911 गाडीत टिपट्रॉनिक नावाचा गिअरबॉक्स आला; तो एरवी स्वयंचलित, पण दांडी बाजूच्या खाचेत सारली की चालकाचं ऐकणारा. तेव्हा ही सोय वेगाच्या हौसेतून आली हे खरं. वेग कमी ठेवण्यासाठी तिचा उपयोग त्याहून मोठा आहे, असं माझं मत आहे.

आता यंत्राला काय कळतं ते पाहू. गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती दाबलेला, हे त्याला कळतं. अलीकडच्या काही गाड्यांना चढ-उतारही कळतो. पण पुढे वळण आहे, वळणापलीकडे ऊस भरलेला ट्रॅक्टर आहे, हे त्याला दिसत नाही. ते तुम्हांला दिसतं. म्हणून स्पोर्ट्स गाडी चालवणारा वळणाच्या आधीच एक गिअर उतरवून घेतो. तसं केलं नाही तर काय होतं? वळण आलं म्हणून तो पाय उचलतो. यंत्राला वाटतं, आता जोर नको, आणि ते वरचा गिअर टाकतं. वळणातून बाहेर पडताना जोर हवा तेव्हा पुन्हा खालचा गिअर शोधायला लागतं. ऐन वळणात असा हिसका बसला तर टायरांची पकड ढळू शकते. आताच्या भारी गाड्यांत 'स्पोर्ट' नावाची एक चाल असते. तीत यंत्र गिअर धरून ठेवतं, त्यामुळे पुष्कळदा मुरलेले चालकही ते काम त्याच्यावरच सोडतात.

ओव्हरटेक करतानाही हाच न्याय. पाय दाबल्यावर साधी स्वयंचलित गाडी क्षणभर विचार करते, आणि तो क्षण समोरून एस.टी. येत असताना फार लांब वाटतो. ट्रकच्या मागे असतानाच एक गिअर उतरवून घ्या, रस्ता मोकळा दिसला तरच बाहेर निघा.

पण खरं प्रकरण आहे ते घाट उतरण्याचं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हणजे सुमारे 40 किलोमीटरांत 1,200 मीटर खाली यायचं. माणसांसह गाडीचं वजन 1,500 किलो धरा. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावं: ती ऊर्जा होते जवळजवळ 1 कोटी 76 लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत 50 लिटर गार पाण्याला उकळी फुटेल! यातला काही हिस्सा टायर आणि वारा खातात. उरलेला कुणीतरी घ्यायलाच हवा, आणि पाय सारखा ब्रेकवर असेल तर तो सगळा ब्रेकच्या चिमूटभर जागेत उष्णता होऊन साठतो. पॅड तापले की त्यांची पकड कमी होते, जळका वास सुटतो. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइलला उकळी फुटते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 3 जातीचं ताजं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्याच्या बाबतीत तोच दंडक 140 अंशांवर येतो. उकळून वाफ झाली की ती दाबली जाते, आणि ब्रेकचा पाय मऊ होऊन खाली जातो. म्हणून ते ऑइल ठरल्या मुदतीत बदलून घ्यावं. फार खर्चाचं काम नाही.

बैलगाडी उताराला लागली की गाडीवान कासरा आखडतो आणि बैल मागे रेटून ओझं धरतात. मोटारीत ते काम इंजिन करतं, पण खालच्या गिअरमध्ये असेल तरच. कसं, ते वर्गात दाखवता येईल. सुई नसलेल्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ओढा. ओढताना जो अडथळा जाणवतो, तसाच पाय उचललेल्या पेट्रोल इंजिनातल्या दट्ट्यांना होतो. गिअर खालचा असेल तर फेरे जास्त, म्हणजे अडथळाही जास्त.

'डी'मध्ये मात्र उतारावर पाय उचलला की कित्येक गाड्या वरचा गिअर टाकतात आणि सैल सुटतात. तेव्हा उतार लागण्याआधीच 'एम' घ्या आणि तिसरा, चढ उभा असेल तर दुसरा गिअर धरा. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथेही चालतो. ब्रेक लावायचाच, पण वळणापुरता, नेमका, मग सोडायचा.

काही जण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून घाट उतरतात. हा हिशेबच उलटा आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय उचलला की पुरेशा वेगात इंधन बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळत राहतं, आणि ओझं सगळं ब्रेकवर पडतं ते वेगळंच. ब्रेक तापले असतील तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. तिला तडा जाऊ शकतो.

विजेच्या गाडीवाल्यांनाही एक सांगतो. उतारावर तिची मोटार बॅटरी भरते आणि गाडी धरते; पण घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघालात तर ती वीज ठेवायला जागा नसते, आणि सुरुवातीला ते धरणं कमी पडतं.

चढावर गाडी तिसरा की चौथा अशी घुटमळत असेल तरी 'एम'मध्ये तिसरा धरावा. पावसात, निसरड्या रस्त्यावर मात्र एकदम दोन गिअर उतरवू नयेत, चाकं घसरतात. एकेक उतरवा. उरलेल्या वेळी, बाजारात, महामार्गावर, गावातल्या गर्दीत, 'डी' पुरे आहे. तिथे यंत्र तुमच्याहून चांगलं काम करतं.

एक गोष्ट घरीच पाहून ठेवा. काही गाड्यांत दांडी पुढे ढकलली की वरचा गिअर पडतो, काहींत खालचा. आपल्या गाडीची दिशा मोकळ्या मैदानावर, दिवसाउजेडी, दहा वेळा करून हाताला शिकवा. वेग फार असताना खालचा गिअर मागितला तर गाडी तो नाकारते, बहुतेक वेळा टुंकन आवाजही करते. तेव्हा दांडीशी झगडू नका. आधी ब्रेकने वेग उतरवा, मग पुन्हा मागा; मिळेल.