गुन्हा त्याचा, आजारही त्याचाच

(मार्कंडा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा मार्कंड्याजवळ उत्तरवाहिनी होते. इथली कथा तुम्हाला मी सांगायला नको. सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला पोरगा, त्याला न्यायला आलेला यम आणि पोरानं पिंडीला मारलेली मिठी. यमाला आपण धर्मराज म्हणतो. तो नेमानं चालणारा, त्याच्या हिशेबात चूक नव्हती. तरी त्याचा पाश इथे थांबला. नेम बरोबर असला तरी पाश कुठे आवरायचा, हा प्रश्न या क्षेत्रानं फार आधी विचारला आहे. तोच मी आज दारू आणि कायद्याबद्दल विचारतो.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी मागून घेतली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग त्या चळवळीत लोकांबरोबर होते. पलीकडे चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत २०१० साली बाया चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी गेल्या. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. या बायांची मागणी आठवा. दुकान बंद करा, असं त्या म्हणत होत्या. पिणाऱ्याला आयुष्यभराचा गुन्हेगार ठरवा, असं नव्हे.

पण १९४९ च्या दारूबंदी कायद्यात दारू विकणं गुन्हा आहे, तसं परवान्याशिवाय पिणंही गुन्हा आहे. ड्रम भरून मोहाचा सडवा घालणारा धंदेवाला आणि सकाळी थरथरत्या हातानं ग्लास उचलणारा मजूर, दोघंही आरोपीच. मग ज्याला उपचार हवेत तो दवाखान्यात जाऊन खरं बोलेल कसा?

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणा. रोज पिणारा. त्याला पोलिसांनी उचललं आणि दारू एकदम तुटली. काही तासांत अंग थरथरतं, घाम फुटतो, झटकेही येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, माणूस ओरडत सुटतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर औषध मिळालं तर तो वाचतो, नाही मिळालं तर दगावूही शकतो. कोठडीबाहेरच्या शिपायाला मात्र वाटतं, बेवडा नाटक करतोय. त्या शिपायाला एकट्याला दोष देऊ नका. तो शब्द त्यानं आपल्याच ओसरीवर ऐकला आहे.

एखादी बाई विचारेल, "त्यानं मला मारलं, ते आजार म्हणून माफ करू का?" नाही, माय. मुळीच नाही. स्वतःहून केलेली नशा कायद्यातही बचाव ठरत नाही. मारहाणीची शिक्षा त्याला व्हावी आणि तुला संरक्षण मिळावं. पण गुन्हा त्याचा आहे, तसा आजारही त्याचाच आहे. नुसती शिक्षा भोगून तो परत आला, तर तोच आजार घेऊन तुझ्याच दारात उभा राहील.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात न्यायालय माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडताना नशेपासून दूर राहण्याची अट घालू शकतं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं कलम ३९ दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडण्याची मुभा देतं. कलम ६४-अ तर थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरलं आहे. दारं आहेत, ती उघडायला कुणी सांगत नाही. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या ३७ जणांना अडवणाऱ्या कारणांत लाजही आहे.

ही लाज मोडता येते. २०१६ पासून आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मुक्तिपथ अभियान गावातच व्यसन उपचार शिबिरं घेतं. शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या देखत, माणूस रुग्ण म्हणून येऊन बसतो. गावानं पाहिलं म्हणून त्याची अब्रू जात नाही.

म्हणून मागतो ते थोडकं आहे. अटक झाली की होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत "रोज किती पितोस, शेवटची कधी घेतलीस?" हे विचारलं जावं. वकिलांनी उपचाराचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. आणि आपण? तो सुटून एसटीतून उतरेल, तेव्हा पारावरून कुणी "आला बघा" म्हणू नये. "औषध चालू आहे ना?" एवढं विचारावं, आणि बसायला जागा द्यावी.