गौताळ्याचे रान आणि दगडावरची नावे

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवाच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने मंदिराचे काम तडीस गेले. शिखराला रंग चढला, सभामंडपाला फरशी झाली. फरशी झाली की प्रत्येक गावात जो प्रश्न निघतो तो इथेही निघाला. पाटीवर नावे कोणाची घालायची, किती रुपयांपासून घालायची, वडिलांचे नाव वर की मुलाचे, आणि ज्याने रोख काही न देता आठ दिवस ट्रॅक्टर फिरवला त्याचे काय? समितीने त्याचा निकाल लावलेला आहे, तो आता उकरून काढण्याचे कारण नाही. आजच्या भाषणाचा नेमून दिलेला विषय वेगळाच आहे, रानातील सहल. परंतु हा विषय हाती घेतला की फिरून नावांच्या प्रश्नावरच येऊन थांबावे लागते. कसे ते ऐकावे.

श्रावणात आणि दिवाळीच्या सुट्टीत शेंद्र्यातून जीप भरून मंडळी गौताळ्याला जाते. जाणारच. शेंद्राबनच्या नावात तेवढे बन राहिले आहे. आजूबाजूची शिवारे औद्योगिक वसाहतीत गेली, सातबारे बदलले. ज्या बांधावर आजोबांनी तितर उडताना पाहिला तिथे नातवाला कारखान्याची भिंत दिसते. कारखान्यांनी पोराबाळांना काम दिले हेही खरे, त्याबद्दल तक्रार नाही. पण झाडाखाली दोन घटका बसावे असे मनाला वाटते, आणि मग शंभराच्या आसपास किलोमीटर जावे लागते.

वाट सर्वांच्या ओळखीची आहे. शहर ओलांडून खुलताबादला भद्रा मारुती, पुढे वेरूळला घृष्णेश्वर. या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसले यांनी आणि पुढे होळकर घराण्याने केला, हे आजच्या दिवशी सांगितले पाहिजे. तिथून कन्नड. कन्नडच्या पुढे सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग लागते. या रांगेवर, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत मिळून, सुमारे २६० चौरस किलोमीटरांचे रान १९८६ साली शासनाने अभयारण्य म्हणून जाहीर केले. कागदोपत्री त्याचे पूर्ण नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. गौतम ऋषींनी या डोंगरात तप केले, अशी लोकांची श्रद्धा आहे. दुसरे नाव एका इंग्रजाचे, त्याच्याविषयी पुढे येईल.

हे रान कोकणासारखे दाट नाही. पानगळीचे आहे. अंजन, धावडा, सालई, पळस, खैर, टेंभुर्णी, मोह, बेल, सीताफळ. अंजनाचे पान ओळखावे. आपट्यासारखे जोडपान, पण लहान. चैत्र-वैशाखात बरीच झाडे उघडी होतात आणि नवख्या माणसाला वाटते, हे जंगल वाळले. ते वाळलेले नसते. पाणी कमी म्हणून झाडाने पाने टाकून दिलेली असतात, पहिल्या पावसाबरोबर दहा-बारा दिवसांत सगळा डोंगर फिरून हिरवा होतो. श्रावण-भाद्रपदात धबधबे, हिवाळ्यात पाखरे आणि उन्हाळ्यात पाणवठ्यावर येणारी जनावरे, असा हंगाम आहे.

आता जनावरांविषयी. सहलीहून परत आलेला माणूस बहुधा सांगतो, "काही दिसलं नाही हो, नुसती वानरं." जीपमध्ये ध्वनिवर्धक लावून गेल्यावर दिसणार तरी कोण? त्या रानात बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस, कोल्हा, रानडुक्कर, रोही, भेकर, साळिंदर, मोर आहेत. मोर आणि वानर सोडले तर बाकीचे माणसाची चाहूल लागताच बाजूला होतात. तेव्हा जनावर पाहण्याचा हट्ट सोडून त्याची खूण पाहावी. सकाळी लवकर फुफाट्यात बघितले तर पावले उमटलेली असतात. बिबट्याच्या पावलात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या व तरसाच्या पावलात उमटतात. वारूळ उकरलेले दिसले की अस्वल येऊन गेले म्हणून समजावे. त्याला उधई-मुंग्या फार आवडतात, आणि मोहाच्या हंगामात ते झाडाखाली फुले खायला येते. त्या दिवसांत पहाटे मोह वेचणाऱ्या बायामाणसांची आणि अस्वलाची गाठ पडते व प्रसंग ओढवतात. वाटेत काळे-पांढरे काटे सापडले तर ते साळिंदराचे. साळिंदर काटे फेकून मारते असे लहानपणी सर्वांनी ऐकलेले आहे, ते मात्र खोटे. त्याचे काटे सैल असतात, टोचले की निघून येतात, एवढेच. ही खुणांची शाळा मुलांना फार आवडते, आणि तिला फी नाही.

या रानाच्या वरच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला जग जाते, पितळखोऱ्याला आपल्याच जिल्ह्यातील माणूस जात नाही. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. पायऱ्या उतरून दरीत जावे लागते. खडक ठिसूळ, त्यामुळे पुढचा बराच भाग कोसळून गेला आहे. १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने तेथील दगडमाती उपसली तेव्हा हत्तींची रांग, भाले घेतलेले द्वारपाल आणि पाच फण्यांचा नाग बाहेर आला. या नागाच्या फण्यांना छिद्रे आहेत. मागून खडकातून पाणी आणून ते फण्यांतून ठिबकावे अशी योजना त्या कारागिरांनी केली होती. आपल्याकडे मंदिराचे गोमुख बसविताना गवंड्याला उतार साधायला दोन दिवस लागले, यावरून त्या कामाचा अंदाज यावा.

आणि तिथेच नावांची गोष्ट आहे. लेण्याच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. एक मितदेव, गंधिकाच्या म्हणजे अत्तर-सुगंध विकणाऱ्याच्या कुळातला, राहणार पैठण. दुसरे संघक नावाच्या माणसाची मुले, तेही पैठणचे. बाजूच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचे नाव आहे, आणि त्याच्या मुलीचेही आहे, दत्ता. मुलीने स्वतःच्या नावाने दान दिले व ते स्वतंत्र नोंदले गेले! दोन हजार वर्षांपूर्वी. नावांच्या पाटीवर सुनेचे नाव असावे की नसावे यावर आजही खल करणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात घ्यावी.

पैठण तिथून किती दूर! त्या काळी पैठणहून उत्तरेकडे जाणारा व्यापारी माल या डोंगराच्या खिंडींतून खाली खानदेशात उतरत असे. अत्तरवाल्याने वाटेवरच्या लेण्याला खांब दिला. नोंद किती, तर गाव, नाव, कूळ आणि दान. रक्कम नाही. आणखी एक यक्षाची मूर्ती तिथे सापडली, डोक्यावर परडीसारखे पात्र घेतलेली, बुटकी, हसऱ्या तोंडाची. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लिहिले आहे की ही कान्हदास सोनाराने घडविली. म्हणजे पैसे देणाऱ्याबरोबर घडविणाऱ्याचेही नाव राहिले. आठ दिवस ट्रॅक्टर देणाऱ्याचा प्रश्न त्या लोकांनी असा सोडविला होता म्हणावयाचे.

डोंगराच्या खाली, चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. चंडिकेचे हे स्थान नवरात्रात यात्रेने फुलून जाते. जवळच रानात महादेवाचे प्राचीन दगडी देऊळ आहे. निकुंभ घराण्यातील इंद्रराजाने ते बांधावयास घेतले, काम पुरे होण्यापूर्वीच तो वारला, आणि त्याची राणी श्रीदेवी हिच्या कारकिर्दीत ते शके १०७५, म्हणजे इ. स. ११५३ मध्ये पूर्ण झाले, असे तेथील लेखावरून कळते. नवऱ्याने हाती घेतलेले देवाचे काम विधवेने अर्धे राहू दिले नाही. आपल्या या जीर्णोद्धारातही असे एक घर आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

पाटण येथे आणखी एक लेख आहे, शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांपुढे आणला. थोर गणिती भास्कराचार्य, ज्यांनी ‘लीलावती’ आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिली, त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ राजाने त्याला जमीन व उत्पन्न लावून दिले. या लेखाचा शेवटचा भाग त्या वेळच्या मराठीत आहे. त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील कोणता हिस्सा मठाला जावा आणि तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल कसे द्यावे, याची तपशीलवार नोंद आहे. फेरफार नोंदवही वाचतो आहोत असे वाटावे! संस्कृतात राजांची स्तुती आणि देण्याघेण्याचा व्यवहार मराठीत, कारण तेल घालणाऱ्या तेल्याला तो समजला पाहिजे. आठशे वर्षांपूर्वीचा लेखनिक आपले काम जाणत होता.

आता त्या इंग्रजाविषयी. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा घाट औट्रमच्या नावाने ओळखला जातो. जेम्स औट्रम १८२५ मध्ये खानदेशात आला. डोंगरातील भिल्लांना कंपनी सरकारने आधी बंदुकीने वठणीवर आणावयाचे प्रयत्न केले, ते साधले नाही. औट्रमने त्यांच्यात मिसळून, त्यांच्याबरोबर शिकार करून, त्यांचीच पलटण उभी केली. दहाएक वर्षे तो इकडे होता. त्याच्या चरित्रात नोंद आहे की १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघ त्याच्या हजेरीत मारले गेले. अस्वले आणि बिबटे वेगळे. त्या वेळी याला शौर्य समजत, आणि गावकऱ्यांच्या गुरांना वाघाचा त्रास होता हेही नाकारता येत नाही. तरीपण १९१ हा आकडा वाचल्यावर माणूस जरा थांबतो. पुढे शिकारी वाढल्या, झाडे तुटली, आणि या डोंगरातून वाघ नाहीसा झाला. घाटाचे नाव तेवढे राहिले.

असे असता मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या रानात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघाचे चित्र उमटले. कित्येक दशकांनी. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. ते जुळवून पाहता हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. तरुण नर. वयात आलेला वाघ आईचा मुलूख सोडून स्वतःसाठी जागा शोधावयास निघतो. तसा हा तीनशेहून अधिक किलोमीटर चालून आला होता. वाटेत शेते, रस्ते, वस्त्या काय लागल्या नसतील! दिवसा कोणाच्या उसात, कोणाच्या तुरीत निजला असेल, मालकाला पत्ता नाही. त्याला गौताळ्याची वाट कोणी सांगितली नव्हती. रान शिल्लक होते, पाणी होते, रोही-डुकरे होती, म्हणून तो थांबला.

आणि अशा या रानात सहलीची मंडळी काय करते, ते स्पष्ट सांगणे भाग आहे. पितळखोऱ्याच्या भिंतींवर खडू, कोळसा आणि खिळा यांनी नावे लिहिलेली आहेत. बदामात बाण काढून दोन-दोन नावे. जिथे मितदेवाने खांब देऊन नाव कोरविले, तिथे आजचा माणूस काही न देता नाव कोरून येतो. ओढ्यात पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले, बाटल्या. वानरांना बिस्किटे, वेफर. मग तीच वानरे बायकांच्या हातातील पिशव्या ओढतात व लोक त्यांनाच दगड मारतात. उन्हाळ्यात बिडीचे थोटूक वाळल्या पानांत टाकले तर डोंगर पेटतो, आणि विझवायला धावतात ते वनमजूर, झाडाचा पाला हातात घेऊन. त्यांचे नाव कोणत्याच पाटीवर येत नाही.

शेंद्र्याहून जाणाऱ्यांनी म्हणून थोडे पाळावे. वनखात्याच्या नाक्यावर रीतसर नोंद करून पावती घ्यावी. जेवण घरून न्यावे, उष्टे-खरकटे व कचरा परत आणावा. रानात चूल पेटवू नये. धबधब्याच्या कुंडात पावसाळ्यात उतरू नये, वर पाऊस झाला की खाली पाणी अचानक चढते. दिवस मावळण्यापूर्वी रानाबाहेर पडावे, कारण त्यानंतरची वेळ ज्यांची आहे त्यांना रस्ता मोकळा हवा असतो.

पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरताना म्हाताऱ्या माणसांना मध्ये बसू द्यावे. मुलांना खांबांजवळ न्यावे. अक्षरे ब्राह्मी, ती कोणाला वाचता येणार नाहीत. यासाठी निघण्यापूर्वीच एका कागदावर नावे लिहून न्यावीत: मितदेव गंधी, संघकाची मुले, मगिल वैद्य, त्याची मुलगी दत्ता, आणि कान्हदास सोनार.