अनुदान नव्हे, फरक



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला एकच भाषण मिळतं. ते मी एका शब्दावर खर्च करणार आहे, 'अनुदान' या शब्दावर.

गेल्या वर्षी या संमेलनातला शेतमालाच्या भावावरचा परिसंवाद कार्यक्रमपत्रिकेतून ऐनवेळी काढला गेला. 'अनुदानाचं रडगाणं साहित्यात कशाला?' असं तेव्हा सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांनी आयुष्यात कांद्याची एक गोणीही शिवलेली नाही.

2023 च्या फेब्रुवारीत लाल कांदा कोसळला. काढणीची मजुरीही सुटेना. माणसं दिंडोरीहून मुंबईकडे पायी निघाली. क्विंटलला 600 रुपये अनुदान मागितलं, राज्य सरकारकडून 300 जाहीर झालं, मग 350 झालं. तेही 1 फेब्रुवारी ते 31 मार्च एवढ्याच काळात विकलेल्या कांद्याला, आणि 200 क्विंटलपर्यंतच. म्हणजे जास्तीत जास्त 70,000 रुपये, आणि आपल्या जिल्ह्यात तेसुद्धा टप्प्याटप्प्यानं. शिवाय सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. ज्याच्या मोबाइलवर ई-पीक पाहणी झाली नाही, त्याचा कांदा कागदावर पिकलाच नाही!

माझी वहिनी त्या वर्षी एकटी शेती बघत होती. दादा जाऊन दोन वर्षं झालेली, वारसनोंद रखडलेली. सातबारा दादाच्या नावावर, कांदाविक्रीची हिशोबपट्टी वहिनीच्या नावावर. हमाली, तोलाई, वाराई वजा जाऊन उरलेला आकडा ती बोट ठेवून वाचायची. अनुदानाचा अर्ज घेऊन ती चार वेळा गेली. पाचव्यांदा मी सोबत गेलो, तर टेबलामागचा माणूस म्हणाला, ''बाई, सरकार देतंय ते घ्यायचं तर नियम पाळा.'' वहिनी काही बोलली नाही. घरी येऊन तिनं ती पट्टी देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली. ती तिथं अजून आहे.

'सरकार देतंय' हे त्या माणसाला कुणी शिकवलं? 'अनुदान' या शब्दानं शिकवलं. त्यात दान आहे, म्हणून देणारा वर आणि घेणारा खाली. पण त्याच 2023 मध्ये उन्हाळ कांद्याला चार पैसे दिसू लागले, तर ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. भाव वर चढू लागला की केंद्र सरकार तो खाली ओढतं, आणि राज्य सरकारनं आधी दिलेल्या 350 रुपयांना आम्ही दान म्हणायचं?

प्राध्यापक मित्रांनो, तुमचा महागाई भत्ता थकला, मग हातात आला, की तुम्ही म्हणता 'फरक मिळाला'. अनुदान मिळालं असं कुणी म्हणत नाही. फरक म्हणजे आपलंच येणं, उशिरा आलेलं. मग आमचा तेवढा फरक का नाही? आणि अखिल भारतीय संमेलनाचं अनुदान 50 लाखांवरून 2 कोटी झालं, तेव्हा कुणाकडे सातबारा मागितला?

ही मागणी नवी नाही. 1980 च्या कांदा आंदोलनात आम्ही पोरं शेतकरी नेते शरद जोशींच्या सभेला गोणपाटावर बसायचो. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा तेव्हा निरक्षर म्हाताऱ्यांनाही कळली होती. लिहिणाऱ्यांना ती कळायला अजून किती वर्षं लागणार? कथेत शेतकऱ्याची आत्महत्या येते, त्याच्या पट्टीवरचा आकडा येत नाही. वक्कल, गोल्टी, उळं हे कांदा पिकवणाऱ्यांचे शब्द तुमच्या कोणत्या कादंबरीत आहेत, मला दाखवा.

म्हणून मी ठराव मांडतो. या संमेलनाच्या कोणत्याही कागदावर, स्मरणिकेत, वृत्तांतात, शेतकऱ्याला भावापोटी मिळालेल्या सरकारी रकमेला यापुढे 'भावफरक' म्हटलं जाईल. आणि गेल्या वर्षी वगळलेला तो परिसंवाद पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी, पहिल्या सत्रात होईल, वहिनीची पट्टी मी तिथं वाचून दाखवेन. ज्यांना मान्य असेल त्यांनी आत्ता, इथंच हात वर करावेत.