वकील कोणाचा, ते आधी विचारा

आम्ही लवासाजवळच्या, मोसे खोऱ्यातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. जमीन विकत घेताना वकील कसा निवडायचा आणि त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, ते आज सांगणार आहोत.

आमच्या खोऱ्यानं जमिनीचे व्यवहार पुष्कळ पाहिले. आधी वरसगावच्या धरणात जमिनी गेल्या. मग दासव्याकडे लवासाचं शहर उभं राहू लागलं. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायची नोटीस दिली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. घरासाठी पैसे भरलेले लोक वर्षानुवर्षं थांबून राहिले. शहरातल्या शिकलेल्या माणसांची ही गत, तर आपण किती जपून राहायला पाहिजे!

आता आमच्याच गटातली गोष्ट. दोघी जावा, दोघींच्या नावावर थोडी शेती आहे. दोघींनी मिळून एक एकर जमीन घ्यायचं ठरवलं. मध्यस्थ म्हणाला, "वकील आमचेच आहेत, ते सगळं बघतील. तुम्हाला फी पण पडायची नाही." दोघींना बरंच वाटलं. इसारही देऊन झाला.

गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एक म्हातारी सदस्य म्हणाली, "अगं, त्याचा वकील त्याचं बघणार. तुमचं कोण बघणार?" त्यावर कोणालाच उत्तर देता येईना.

मग पौडला जाऊन आम्ही आपला वकील केला. त्यांनी जुने फेरफार काढले. बाप वारल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण अशी वारसनोंद झाली होती. पुढच्या एका फेरफारात बहिणीचं नाव कमी झालं होतं. पण हक्कसोडपत्र रजिस्टर झालेलंच नव्हतं, नुसता साधा जबाब होता. वकील म्हणाले, "सातबाऱ्यावरून नाव गेलं म्हणून हक्क जात नाही. ही बाई उद्या कोर्टात गेली तर तुमची जमीन अडकेल."

आम्ही त्या बहिणीला भेटायला गेलो. तीही एका बचत गटात आहे. ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही. सही घेतली होती, पण कशावर ते सांगितलं नाही." जमीन विकायला ती तयार नव्हती. सौदा मोडला. इसार परत मिळेपर्यंत पावसाळा उलटला. जावांना वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, "तिचा वाटा दाबून आम्हाला सुखानं पेरता आलं नसतं."

बायांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी निर्वेध आहे असं होत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, विकणाऱ्याच्या हक्काची हमी घेत नाहीत. कचेरीबाहेर बसणारे दस्तलेखक दस्त लिहून देतात, जुन्या कागदांचा शोध घेत नाहीत. तो शोध वकिलानं घ्यायचा असतो.

म्हणून वकिलाकडे गेल्यावर पहिलं विचारायचं, "तुम्ही या व्यवहारात दुसऱ्या बाजूचं काम करता का?" हो म्हणाले तर दुसरा वकील बघायचा. मग जमिनीच्या, महसुलाच्या कामाचा अनुभव विचारायचा. फी किती, त्यात काय काय धरलंय, ते आधी ठरवायचं आणि पावती घ्यायची. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी असते, ती फीमध्ये मिसळू द्यायची नाही.

निदान तीस वर्षांचा शोध मागायचा आणि सर्च रिपोर्ट वकिलाच्या सहीनिशी लेखी घ्यायचा. त्यात सातबारा, फेरफार आणि इंडेक्स टू तपासलेले पाहिजेत. इतर हक्कात कूळ आहे का, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, कोर्टात दावा चालू आहे का, ते विचारायचं. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर परवानगी लागते. आपल्याकडे कातकरी, महादेव कोळी यांच्या जमिनी आहेत. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. शेतजमीन घ्यायची तर घेणारी शेतकरी असल्याचा दाखलाही लागतो. वकिलाला वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगायचं, म्हणजे कोणाची हरकत असेल तर आधीच कळते.

काही कामं मात्र आपलीच. जमिनीवर स्वतः जायचं, बांधाच्या शेजाऱ्यांना विचारायचं, मोजणी करून घ्यायची. वकिलाला झेरॉक्स द्यायच्या, मूळ कागद द्यायची वेळ आली तर पोच घ्यायची. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. दस्त मोठ्यानं वाचून घ्यायचा, कळला नाही तर पुन्हा वाचायला लावायचा. त्यात लाजायचं काही कारण नाही, फी आपण देतो. पैसे बँकेतून द्यायचे. आणि रजिस्ट्रीनंतर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर आपलं नाव चढल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही.

खरेदीखतावर बाईचं नाव जरूर घाला. राहतं घर बाईच्या नावानं घेतलं तर आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती घराला आहे, शेतजमिनीला नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे सल्ला मागा. १५१०० हा फोनही त्यासाठीच आहे.

आणि शेवटचं. जमीन घेताना विकणाऱ्याच्या बहिणी किती, हे विचारा. आणि आपल्या माहेरी कोणी कागद पुढे केला, तर तो वाचल्याशिवाय सही करू नका. पुढच्या बैठकीत आपापल्या घरचा सातबारा घेऊन या, सगळ्या मिळून वाचू.