मोठा टॉवर, छोटा टॉवर
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला झांक्या निघतात, तेव्हा फोनवर कांड्या पूर्ण दिसतात आणि फोन मात्र लागत नाही. असे का, हे आम्हाला दरवर्षी विचारले जाते. आम्ही सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापुरते. जमेल तसे सांगतो.

मोठ्या टॉवरची ताकद साधारण ४० वॅट. गर्दीच्या जागी खांबावर, भिंतीवर छोटे टॉवर लावतात. त्यांची एखाद-दोन वॅट. फ्रिक्वेन्सी महाग, म्हणून दोघे बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. ढोलाशेजारी कोणी हळू अथर्वशीर्ष म्हणावे, तशी छोट्याची गत होते. फोन मोठ्या आवाजाला चिकटतो. छोटा रिकामा, मोठ्याकडे रांग.

४जीच्या नियमांत २०११ च्या सुमारास यावर तोड आली. फोनला सांगायचे, छोट्याला झुकते माप दे. पण मग छोट्याच्या कडेवरच्या फोनला मोठ्याचा गोंगाट छळतो. म्हणून एक-एक मिलिसेकंदाच्या तुकड्यांपैकी काहींत मोठ्याने ग्राहकांचा डेटा पाठवायचा नाही, फक्त आपली ओळख देत राहायचे. तेवढ्यात छोटा आपल्या कडेवरच्यांशी बोलून घेतो. दोघांची घड्याळे मात्र जुळलेली हवीत.

आता आमची चूक. इमारतीत नेटवर्क नव्हते, म्हणून आम्ही वर्गणी काढून बाजारातला बूस्टर गच्चीवर बसवला. आमच्या कांड्या भरल्या आणि मागच्या गल्लीतले फोन तुटू लागले. असा बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरच्या कानात ओततो. मग टॉवरला दूरच्यांचे ऐकू येत नाही. एका रात्री त्या गल्लीतल्या आजोबांच्या छातीत दुखू लागले. मुलाचा फोन लागेना. तो धावत रिक्षा घेऊन आला. आजोबा वाचले. दोष बूस्टरचाच, हे कोणी सिद्ध केले नाही. पण तो उतरवल्यावर गल्लीतले फोन लागू लागले, एवढे आम्हाला पुरे झाले. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणे बेकायदा आहे, हेही आम्ही तेव्हाच वाचले. शिकलेल्या माणसाने आधी वाचायला हवे होते.

नेटवर्क नसेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, छोटा टॉवर मागा. आणि कोणाच्या गच्चीवर बूस्टर असेल, त्यांनी आरतीनंतर आम्हाला भेटावे. नाव विचारणार नाही; शिडी आम्ही आणू.

गणपती बाप्पा मोरया!