वारा पडतो तेव्हा



इंग्रजीत शांतपणासाठी एक छोटासा शब्द आहे. सी-ए-एल-एम. त्यातला एल मुका, त्यामुळे कानाला तो आपल्या ‘काम’सारखाच लागतो. त्याचं मूळ व्युत्पत्तिकार ग्रीक ‘काउमा’पर्यंत नेतात, आणि काउमा म्हणजे चक्क काहिली! तिथून लॅटिन, इटालियन, फ्रेंच असं करत शब्द इंग्लंडात पोचला. वाटेत त्याला भर दुपारच्या विसाव्याचा अर्थ जडला. मला हे ऐकताक्षणी पटलं. वैशाखातली दुपार आठवा. अंगणाकडे बघवत नाही, रांजणाखालच्या ओलीत कुत्रं अंग टाकून पडलेलं आणि पिंपळाचं पानसुद्धा हलत नाही.

पुढे हा शब्द दर्यावर फार वावरला. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टनं १८०६ साली आपल्या रोजनिशीत वाऱ्याची श्रेणी मांडली, तिच्यात शून्यापुढे हाच शब्द आहे. धूर सरळ वर चढतो, पाणी आरशासारखं, अशी त्या शून्याची आजची खूण. शिडाच्या जहाजाला मात्र ही स्थिती जीवघेणी. वाराच पडला की जहाज जागचं हलेना, आणि पिण्याचं पाणी रोज कमी होत जाणार.

आपल्याकडेही असा वाऱ्याशी नातं सांगणारा शब्द आहे, निवांत. संस्कृतात निवात म्हणजे वारा नसलेली जागा. पण त्या इंग्रजी शब्दासाठी आपण पटकन ‘शांत’ म्हणतो, आणि माझी तक्रार इथेच आहे. मराठीत ‘शांत बस’ म्हणजे तोंड मिट. शांत माणूस म्हटलं की अबोल माणूसच डोळ्यांपुढे येतो. इंग्रजी शब्दाला बोलण्याचं वावडं नाही.

हा फरक मला एका रात्री दिसला. माझ्या आईला धाप लागली होती. दवाखान्यात आम्ही घाबरून काहीबाही विचारत होतो. एकानं दरडावलं, “शांत बसा हो!” आम्ही गप्प झालो, पण छातीतली धडधड वाढली. तेवढ्यात एक परिचारिका आली. ती सारखी बोलत होती. “आजी, हा मास्क लावतेय हं. थोडं गार वाटेल. माझ्याकडे बघा. आता सोडा श्वास, सावकाश.” बोलता बोलता तिचे हात नळी जोडत होते, उशी वर सरकवत होते. आवाज एकदाही चढला नाही.

आईनं मुठीत घट्ट धरलेली चादर हळूहळू सुटली.